उज्जयिनीची टोळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही आठ जण दर पावसाळ्यात शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' या जुन्या संस्कृत नाटकाचं अभिवाचन करतो. जागा मिळेल तिथे: सोसायटीचा हॉल, वाचनालयाची वरची खोली, एकदा तर ताडपत्री बांधलेली गच्ची. मी शर्विलक वाचते, म्हणजे चोर. वाचन संपून चहा आला की लोक चारुदत्ताला आणि वसंतसेनेला सोडून मलाच घेरतात. प्रश्न बहुतेक तेच असतात. घसा वाचावा म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत.

मृच्छकटिक म्हणजे चारुदत्त आणि गणिका वसंतसेना यांची प्रेमकथा. त्यात चोरांची टोळी कुठून काढलीत?

काढली नाही, शूद्रकानंच घातली आहे. आपल्यापर्यंत आली ती मातीची गाडी, दागिने, पाऊस आणि कफल्लक पण दिलदार चारुदत्त. त्या गडबडीत टोळी दिसेनाशी झाली. दहा अंकांच्या या नाटकाच्या पोटात दुसरं एक नाटक चालू असतं. उज्जयिनीवर पालक नावाच्या राजाचा अंमल आहे. आर्यक नावाचा गवळ्याचा पोर राजा होणार, असं एका सिद्धपुरुषानं सांगून ठेवलंय. चौथ्या अंकात पालक घाबरून त्या पोराला उचलतो आणि कोठडीत टाकतो. मग शहरातली काही फुटकळ माणसं, एक घरफोड्या, एक जुगारी, एक पहारेकरी, त्याला सोडवून थेट गादीवर बसवतात. दागिन्यांचा डबा ही वाटेतली भानगड. टोळीनं खरं लांबवलं ते राज्य.

यातलं बरंचसं रंगमंचाच्या मागे घडतं. आपल्याला ऐकू येतात दवंड्या, पळापळ आणि एक साखळी.

टोळीत नेमकं कोण कोण?

शर्विलक हा मुख्य. चार वेद येणाऱ्या, कुणाकडून दान न घेणाऱ्या ब्राह्मणाचा मुलगा, आणि धंदा घरफोडीचा. त्याच्या ओळखी सगळ्या शहरभर आहेत आणि टोळी त्या ओळखींवरच उभी आहे.

दर्दुरक हा जुगारी. दुसऱ्या अंकात येतो तेव्हा अंगावरच्या उपरण्याला इतकी भोकं की सुतापेक्षा भोकंच जास्त. तरी त्या उपरण्याची थट्टा तो स्वतःच करतो, म्हणून मला तो फार आवडतो. जुगाराच्या अड्ड्याचा मालक माथुर एका हरलेल्या गड्याला बडवत असतो. दर्दुरक मध्ये पडतो, माथुराच्या डोळ्यांत धूळ फेकतो आणि त्या गड्याला पळायची खूण करतो. मग त्याच्या लक्षात येतं की आता या पेठेत आपली धडगत नाही. तेव्हा तो सहज बोलून जातो की माझा मित्र शर्विलक म्हणत होता, आर्यक राजा होणार आहे, आपल्यासारखे सगळे तिकडेच चाललेत, मीही जातो. एवढं एकच वाक्य! पण कट शिजतोय याची पहिली खबर प्रेक्षकाला मिळते ती इथे, दुसऱ्याच अंकात.

चंदनक हा सरकारी पहारेकरी, म्हणजे आतला माणूस. त्याचं पुढे येईलच. आर्यक स्वतः बराच वेळ नुसता पळत असतो. आणि मार खाऊन पळालेला तो गडी, संवाहक, टोळीत कधीच सामील होत नाही. तो बौद्ध भिक्षू होतो आणि आठव्या अंकात मरायला टेकलेल्या वसंतसेनेला वाचवतो. दर्दुरकानं फेकलेली मूठभर धूळ कुठे जाऊन पडली बघा.

एक संशय माझा स्वतःचा आहे, शूद्रकानं तसं लिहिलेलं नाही. घरफोडीच्या रात्री चारुदत्त आणि त्याचा मित्र मैत्रेय उशिरा घरी येतात, कारण ते रेभिल नावाच्या माणसाच्या गाण्याला गेलेले असतात. चौथ्या अंकात शर्विलकाला बायकोला, मदनिकेला, सुरक्षित ठिकाणी पाठवायचं असतं, तेव्हा तो कुणाचं घर निवडतो? रेभिलाचं. घरमालकाला मध्यरात्रीपर्यंत गाण्यात गुंतवणारा आणि आसरा देणारा माणूस एकच. आमच्या गटात यावर दरवर्षी भांडण होतं.

घरफोडीचा तो प्रसंग पुन्हा नीट सांगाल का? ऐकताना निम्मा निसटला.

सांगते, माझा तो जीव की प्राण आहे. तिसऱ्या अंकाचं नावच 'संधिच्छेद' आहे. संधी म्हणजे भिंतीला पाडलेलं भगदाड. हिंदीतली 'सेंध' याच शब्दाची लेक.

चंद्र मावळतोय. शर्विलक बागेची भिंत फोडून आत शिरलाय, आता घराची भिंत. कुठे फोडायची? तो हातानं चाचपत जातो. एका जागी जमीन सतत ओली राहून भुसभुशीत झालेली असते, कारण घरातलं कुणीतरी रोज तिथेच उभं राहून सूर्याला अर्घ्य देतं. मातीला लोणा लागलाय, वर उंदरांनी उकरलेला ढीग. शर्विलक खूश: चोरांच्या दृष्टीनं हा पहिला शुभशकुन! रोजचा अर्घ्याचा तांब्याच घरात चोर घेऊन आला.

मग तंत्र. चौर्याचे आचार्य कनकशक्ती यांनी चार उपाय सांगितलेत: भाजलेल्या विटा ओढून काढाव्यात, कच्च्या कापाव्यात, मातीच्या भिंतीवर पाणी मारावं, लाकडी असेल तर चिरावी. इथे विटा भाजक्या आहेत. पुढचा प्रश्न, भगदाडाचा आकार कोणता? सात प्रकार आहेत: उमललेलं कमळ, सूर्य, चंद्रकोर, विहीर, ऐसपैस, स्वस्तिक आणि पूर्णकुंभ. भाजक्या विटांत पूर्णकुंभ शोभून दिसेल, असं तो ठरवतो. शोभून! उद्या सकाळी शेजारीपाजारी बघायला येणार, त्यांनी माझ्या चुकाही काढाव्यात आणि कसबाचं कौतुकही करावं, हा त्याचा हिशोब. आणि खरंच, सकाळी उठून चारुदत्त आधी काय म्हणतो? काय देखणं भगदाड आहे!

मापाला दोरी लागते, ती घरी राहिली. मग तो जानवं काढतो. मोजतामोजता भगदाडात हात घातला तर साप डसतो. तेच जानवं बोटाला करकचून बांधतो, विषावर उपाय करतो आणि पुन्हा कामाला लागतो.

शेवटची वीट निघते. आत दिवा जळतोय. आधी तो माणसाच्या आकाराचं बुजगावणं आत सरकवतो. कुणी टपून बसलं असेल तर पहिला घाव त्याच्यावर पडावा. कुणी नाही. आत शिरून पहिलं काम काय? पळायची वाट मोकळी करणं. घर जुनं, दार कुरकुरतं, म्हणून बिजागरीवर पाणी शिंपडायचं; पण पाणी जमिनीवर टपटपलं तर त्याचाही आवाज होईल, म्हणून तेही जपून. मग झोपलेल्यांची परीक्षा: श्वास एका लयीत आहे का, पापण्या घट्ट आवळल्यात की सैल मिटल्यात, तोंडावर उजेड आला तर सोंग घेणाऱ्याला तो सोसेल का.

आणि मग फजिती. खोलीत मृदंग, वीणा, बासऱ्या, पोथ्या. पैसा कुठेच नाही. हे नाचगाण्याच्या गुरुजींचं घर आहे की काय? की माल पुरून ठेवलाय? तो जमिनीवर मंतरलेलं बी टाकतो; खाली धन असेल तर ते फुगतं. फुगत नाही. म्हणजे माणूस खरोखरचा दरिद्री. शर्विलक परत फिरणार, तेवढ्यात झोपेत मैत्रेय बडबडतो: मला भगदाड दिसतंय, मला चोर दिसतोय, बाबा रे, हा सोन्याचा डबा तू घेऊन टाक! डबा ठेवीचा; दिवसा तो सांभाळायची पाळी नोकर वर्धमानकाची, रात्री मैत्रेयाची. त्या ओझ्यानं बिचाऱ्याची झोप उडालेली. वर तो गाय आणि ब्राह्मण यांची शपथ घालतो. आता ब्राह्मण चोरानं ही शपथ मोडायची कशी?

शर्विलक डबीतून एक किडा सोडतो. तो दिव्याभोवती घिरट्या घालून पंखांच्या वाऱ्यानं दिवा मालवतो. अंधारात हात पुढे होतो आणि मैत्रेय झोपेतच म्हणतो, मित्रा, तुझा हात किती गार आहे! दारावर पाणी शिंपडल्यानं गार पडलेला. शर्विलक थांबतो, हात काखेत धरून ऊब आणतो आणि मग डबा घेतो. घेतलास? घेतला. आता माल विकून आलेल्या वाण्यासारखा निवांत झोपतो, असं म्हणून मैत्रेय कूस बदलतो.

काखेत हात धरून ऊब आणण्याच्या त्या एका क्षणासाठी मी ही भूमिका दुसऱ्या कुणाला देत नाही. आमच्याकडे डब्याच्या जागी पोळ्यांचा स्टीलचा डबा असतो, आणि एका वर्षी आमचा मैत्रेय खरोखरच पेंगला होता. त्या दिवशी टाळ्या त्याला पडल्या.

जानव्यानं भिंत मोजणं हा ब्राह्मणांचा अपमान वाटत नाही का?

हा प्रश्न दर वर्षी एकदा तरी येतोच. शूद्रकाला विनोद करायचाय, आणि तो करतो. शर्विलक जानव्याच्या उपयोगांची यादीच देतो: भिंत मोजता येते, दागिन्यांचे फासे सोडवता येतात, दाराची कडी काढता येते, साप चावला तर बांधता येतं. पण गंमत आणखी खोल आहे. जानव्याचं सूत चार बोटांवर ९६ वेळा गुंडाळून मोजतात, हे घरात कुणी जानवी करणारे आजोबा असतील तर ठाऊक असेल. मुळात मापानंच बनलेली ती वस्तू. शर्विलक तिचा भलताच वापर करतो, पण चुकीचा करतो असं म्हणवत नाही.

यात जादू आहे का? याला फँटसी म्हणायचं का?

आहे, पण अंगावर येत नाही. शर्विलकाचा गुरू योगाचार्य. त्यानं दिलेला 'योगरोचना' नावाचा लेप अंगाला लावला की पहारेकऱ्यांना दिसत नाही आणि शस्त्र लागलं तरी दुखत नाही. धन शोधणारं बी आहे, दिवा विझवणारा किडा आहे, राजा होणार असं भाकीत आहे. आणि चोरांचा देव कार्तिकेय. चोर स्वतःला स्कंदपुत्र म्हणवतात. पण लेप असूनही साप चावतो, बी असूनही घर रिकामंच निघतं. जादू पुरी पडत नाही आणि मग माणसाला काखेत हात धरावा लागतो. अद्भुतकथा लिहिणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट जरी उचलली तरी खूप झालं.

सरकारलाही ही जादू ठाऊक होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चौथ्या अधिकरणात पोलिसी सापळ्याची युक्ती दिली आहे. गुप्तहेरांनी सिद्धपुरुषाचा वेष घ्यायचा, झोप पाडणारे, अदृश्य करणारे, दारं उघडणारे मंत्र येतात अशी थाप मारायची आणि टग्या पोरांना नादी लावायचं. मंत्र म्हटला की दार उघडतं, कारण आतून आपलाच माणूस उघडतो. मग पोरं खरी चोरी करायला गेली की धरायची. चोरावर मोर म्हणतात ते हेच.

चोरीचं शास्त्र खरोखर होतं की नाटककाराची थाप?

दोन्हीमधलं काहीतरी. मूलदेव ऊर्फ कर्णीसुत हा चौर्यविद्येचा आद्य आचार्य मानला जातो आणि संस्कृत वाङ्मयात त्याचं नाव जागोजाग येतं. 'षण्मुखकल्प' नावाची चौर्य आणि जादूटोण्यावरची एक पोथी टिकून आहे; १९९१ साली ती जर्मनीत संपादित होऊन छापली गेली. १९२३ मध्ये मॉरिस ब्लूमफिल्ड या अमेरिकन संस्कृत पंडितानं भारतीय कथांतल्या चौर्यकलेवर लांबलचक निबंध लिहिला.

पण मला खरी वाटते ती हत्यारांची यादी. दंडीच्या 'दशकुमारचरित' या संस्कृत गद्यकथेतला अपहारवर्मा चंपानगरीत रात्री बाहेर पडतो तेव्हा त्याच्याजवळ काय असतं: नागाच्या फण्यासारखी खणती, चिमटा, माणसाचं नकली डोकं, गुंगीची पूड, जादूची वात, मापाची दोरी, खेकड्याच्या नांगीसारखा आकडा, दोर, दिवा, आणि दिवा विझवायला भुंग्यांची डबी. शर्विलकाकडे किडा, याच्याकडे भुंगे. कटावणीपलीकडे फारसं काही न नेणाऱ्या आजच्या घरफोड्यांना हे ऐकून न्यूनगंड यावा.

दशकुमारचरितातही टोळी आहे का?

दहा जणांची, आणि सगळी नीट घरची पोरं: एक राजपुत्र, बाकीचे बालमित्र. पांगतात, आपापल्या उचापती करतात, पुन्हा भेटल्यावर एकेक जण आपली हकिकत सांगतो. त्यात अपहारवर्म्याची सगळ्यात फर्मास. काममंजरी नावाच्या गणिकेनं विरूपक नावाच्या माणसाला पुरता नागवलेला असतो. तिच्याकडून माल परत काढायचा, पण घर फोडून नाही. तो आणि त्याचा मित्र धनमित्र आवई उठवतात की आपल्याकडे एक चामड्याची थैली आहे, रोज सोनं देते. मात्र वाण्याला किंवा गणिकेला ती तेव्हाच फळते जेव्हा त्यांनी अन्यायानं मिळवलेलं सगळं ज्याचं त्याला परत केलेलं असेल. हाव सुटलेली काममंजरी स्वतःच्या हातानं एकेकाचं परत करत सुटते. थैली अर्थातच साधं कातडं. इतकी स्वच्छ फसवणूक मी दुसरीकडे वाचलेली नाही.

शर्विलक मदनिकेसाठी चोरी करतो आणि लगेच तिला सोडून जातो. हा कसला प्रियकर?

आमच्या गटातल्या सगळ्या बायकांचा हा पहिला आक्षेप, माझाही होता.

झालं असं. मदनिका वसंतसेनेची दासी. तिला सोडवायला पैसे हवेत म्हणून घरफोडी. डबा घेऊन तो मदनिकेकडे जातो आणि कळतं की दागिने वसंतसेनेचेच, चारुदत्ताकडे ठेव म्हणून ठेवलेले! म्हणजे मालकिणीचा ऐवज चोरून मालकिणीलाच खंडणी देण्याचा बेत. मदनिका त्याच्यापेक्षा हुशार. ती सांगते, चारुदत्तानं पाठवलेला माणूस म्हणून डबा परत दे. वसंतसेना आडून सगळं ऐकत असते. ती कळूनही न कळल्यासारखं करते आणि मदनिकेला मुक्त करून त्याच्या गाडीत बसवते.

गाडी हलते न हलते तोच दवंडी: आर्यकाला राजानं कोठडीत टाकलं. शर्विलक म्हणतो, जगात माणसाला दोन गोष्टी फार प्रिय, मित्र आणि स्त्री. पण या घडीला शंभर सुंदरींपेक्षा मित्र मोठा. आणि गाडीतून उतरतो. मदनिका रडते, पण हात जोडून एवढंच मागते की मला कुणा वडीलधाऱ्यांच्या घरी पोचवा. म्हणून रेभिलाचं घर.

आधी मला राग यायचा. आता वाचताना वाटतं, तो उतरला नसता तर पाचव्या अंकापासून पुढे नाटकच उरलं नसतं. चोरीचा माल हातात आल्यावर, बायको मिळाल्यावर, गाडी सुरू झाल्यावर जो उतरतो, त्याच्याच भरवशावर बाकीचे जीव टांगणीला लावतात. सहाव्या अंकात ते दिसतं. शर्विलकानं सोडवलेला आर्यक पळत येतो, एका पायात तुटकी साखळी खुळखुळतेय. तो चारुदत्ताच्या गाडीत लपतो. गाडीवान वर्धमानकाला वाटतं वसंतसेनाच चढली, पैंजणांचाच आवाज! नाक्यावर चंदनक आत डोकावतो आणि आर्यकाला ओळखतो. पण शर्विलकानं कधीतरी चंदनकाचा जीव वाचवलेला, त्याच्या मित्राला धरून कसं द्यायचं? तो 'आत बाईमाणूस आहे' असं सांगून गाडी सोडतो, संशय घेणाऱ्या सोबत्याला, वीरकाला, लाथ घालतो, वर आर्यकाच्या हातात आपली तलवार देतो. नोकरी गेली. पुढच्या अंकात चारुदत्त साखळी सोडवून जुन्या विहिरीत टाकायला सांगतो.

मग चारुदत्ताला फाशी का? त्यानं तर काही चोरलं नाही.

चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय. राजाचा मेव्हणा शकार वसंतसेनेचा गळा दाबतो आणि खुनाचा आळ चारुदत्तावर घेतो. कोर्टात ऐन वेळी मैत्रेयाच्या काखेतून दागिने खाली पडतात. हो, पुन्हा काख. शूद्रकाला ती जागा फार आवडत असावी.

याच धाटणीची दुसरी एखादी गोष्ट?

सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'तली घट आणि कर्पर यांची. अकराव्या शतकात काश्मीरच्या राणी सूर्यमतीसाठी रचलेला हा ग्रंथ.

दोन चोर, घट आणि कर्पर. घट बाहेर थांबतो, कर्पर राजकन्येच्या महालाला भगदाड पाडून आत जातो. राजकन्या त्याच्यावर भाळते, तो रेंगाळतो, पहाटे पकडला जातो. फाशीला नेताना गर्दीत घट दिसतो. कर्पर खुणेनं सांगतो, राजकन्येला ने. घट खुणेनंच 'नेतो' म्हणतो आणि त्याच रात्री भुयार खणून तिला सोडवतो.

इथे चोरी संपली, पण गोष्ट इथून सुरू होते. राजा प्रेताभोवती पहारा बसवतो: जो रडायला येईल तोच साथीदार. घटाला रडायचंय. तो पाशुपत बैरागी होतो, हातात खिरीचं मडकं, आणि प्रेताजवळ ठेचकाळून ते फोडतो. मग भर पहाऱ्यात टाहो फोडतो, हाय रे माझ्या कर्परा, अमृतानं भरलेल्या कर्परा! कर्पर म्हणजे खापर. पहारेकऱ्यांना वाटतं, गोसावी मडक्यासाठी रडतोय. दुसऱ्या दिवशी तो दारुड्या गावकरी बनून येतो, नोकराला नवरी करून, धोतरा घातलेली मिठाई घेऊन. पहारेकरी गुंगले की मित्राला अग्नी देतो. पुढे अस्थीही पळवून गंगेत सोडतो.

इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हेरोडोटस या ग्रीक इतिहासकारानं इजिप्तच्या राजाच्या खजिन्याची गोष्ट सांगितली आहे, त्यातही दोन भाऊ, एक सापळ्यात सापडतो, रडणाऱ्याला धरायला प्रेतावर पहारा, आणि पहारेकऱ्यांना पाजून प्रेत पळवणं. पण भावाच्या प्रेतासमोर उभं राहून, सगळ्यांदेखत, शब्दावर कोटी करून रडायची सोय फक्त संस्कृतात होती.

मराठीत कुठे वाचायला मिळेल?

गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत मृच्छकटिक' सगळ्यात सोपं. पदं घरोघरी पोचलेली आहेत, संहिता मात्र फार कमी जण वाचतात. त्याआधी परशुरामपंत गोडबोल्यांचाही अनुवाद झाला. भासाच्या नावावरचं 'चारुदत्त' हे चार अंकी नाटकही जरूर बघा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संस्कृत पंडित गणपतिशास्त्रींना केरळात सापडलेल्या नाटकांतलं ते एक. त्यात हाच चोर आहे, नाव सज्जलक. घरफोडी आहे, पण आर्यकाचा कट नाही. दोन्ही शेजारी ठेवून वाचलं की टोळी वाढवून नाटक केवढं वाढलं ते कळतं.

मुलांना आणलं तर चालेल का?

दहा वर्षांपुढच्यांना खुशाल. आठवा अंक अंगावर येतो, तेव्हा त्यांना खाली वडापाव खायला पाठवतो.

आम्हाला टोळीची अद्भुत कादंबरी लिहायची आहे. काही सल्ला?

नकाशा, योजना आणि हत्यारं यांवर पानं खर्चू नका असं मी म्हणणार नाही, मलाच ती वाचायला आवडतात. पण टोळीतल्या प्रत्येकानं दुसऱ्या कुणाचं तरी काहीतरी देणं लागायला हवं. चंदनकाचा जीव, दर्दुरकाची धूळ. आणि घर फोडायचं तर ज्याचं फोडताय तो माणूस वाचकाला आवडायला हवा. चारुदत्ताला डबा गेल्याचं दुःख नंतर होतं. आधी त्याला बरं वाटतं, की चोर आपल्या घरून रिकाम्या हातानं गेला नाही.

वाटणी कशी होते?

दहाव्या अंकात, चक्क वधस्तंभाजवळ. पालक यज्ञमंडपात मारला गेलाय, आर्यक राजा झालाय, ही खबर घेऊन शर्विलक धापा टाकत येतो. चारुदत्ताला कुशावतीचं राज्य मिळतं. पहारेकरी चंदनक सगळ्या राज्याचा पोलीसप्रमुख. भिक्षू झालेला संवाहक सगळ्या विहारांचा प्रमुख. वसंतसेनेला वधूचा मान. शकारालाही चारुदत्त सोडून देतो, आणि श्रोत्यांतलं कुणीतरी दर वेळी "सोडू नका त्याला!" म्हणून ओरडतं. दर्दुरकाचं नाव या वाटणीत नाही. तो कुठे गेला, मी दरवर्षी शोधते.

शर्विलक शेवटी पकडला जातो का?

नाही. तो स्वतःच सांगतो. चारुदत्ताला अजून कल्पना नसते की आपल्याला सोडवायला आलेला हा माणूस कोण. तू कोण, असं तो विचारतो. शर्विलक म्हणतो, ज्यानं तुझं घर फोडलं, तुझ्याकडची ठेव पळवली, तो महापापी मी, तुलाच शरण आलोय.

चारुदत्ताचं उत्तर अर्ध्या ओळीचं आहे. मित्रा, असं नको म्हणू. तू प्रणय केलास. इथे प्रणय म्हणजे प्रेमप्रकरण नव्हे, जवळच्या माणसानं हक्कानं घेतलेली मुभा. त्याला मराठी शब्द शोधण्यात आमची दोन वर्षं गेली. शेवटी मैत्रेय वाचणाऱ्या आजोबांनी चहा ओततओतता सुचवला, आणि तेव्हापासून आम्ही तोच वाचतो: असं नको म्हणू, मित्रा, तू सलगी केलीस.